पूजेला लावलेली रद्दी

ग्रंथपालाने पुस्तकं सांभाळायची असतात, असा समज घेऊन मी यवतमाळच्या कॉलेजात नोकरीला लागले. दोन-तीन वर्षांत कळलं की वरच्या लोकांच्या लेखी पुस्तकं म्हणजे जागा अडवणारं सामान, आणि मी म्हणजे त्या सामानावर ठाण मांडून बसलेली हट्टी बाई. हट्टी मी होतेच. बाभुळगावकडच्या शेतकऱ्याच्या घरात ढीगभर भावांमध्ये वाढलेली मुलगी हट्टी नसती तर शिकलीच नसती.

आमचं ग्रंथालय कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामात होतं. जाड भिंती, उंच छत, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं कॉलेज तिथे येऊन बसायचं. नवा महाराष्ट्र होऊन वर्षभर झालं असेल, कॉलेजात विज्ञान शाखा सुरू झाली आणि पदार्थविज्ञानाच्या प्रमुखांची नजर आमच्या गोदामावर गेली. त्यांना प्रयोगशाळेसाठी अर्धा हॉल हवा होता. त्यांचे विद्यार्थी व्हरांड्यात प्रयोग करत होते, तेव्हा मागणी काही गैर नव्हती. पण जागा करायची तर पुस्तकं कमी करायला हवीत, म्हणून समिती नेमली, आणि अध्यक्ष केलं कोणाला? यांनाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नियम त्यांनी सोपा काढला. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, पुस्तक घरी नेलं की तिच्यावर शिक्का पडतो. गेल्या काही वर्षांत ज्याच्यावर शिक्का नाही ते पुस्तक रद्दी. या नियमात जवळजवळ सगळा हिंदी विभाग निघाला. आम्ही मध्य प्रदेशात होतो तेव्हा हिंदी पुस्तकं भरभरून आली होती. आता राज्य मराठी झालं, मग ती कोणाला हवीत, असं समितीतल्या सगळ्यांचं मत पडलं.

एकाला हवी होती. जवळच्या तांड्यावरून सायकलने येणारा बंजारा मुलगा, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, हिंदी वाङ्मय घेतलेला. घरी गोरबोली, शाळेत मराठी, आणि जीव मात्र हिंदीत अडकलेला. तास संपला की तो हिंदीच्या कपाटांपाशी जमिनीवर बसायचा तो शिपाई दारं लावायला येईपर्यंत. पण समितीत मी त्याची गोष्ट काढली तर प्रमुख म्हणाले, "त्याचा एकाही पुस्तकावर शिक्का नाही."

मी त्याला विचारलं, "पुस्तक घरी काहून नाही नेत रे?"

"नाल्यातून या-जा लागते बाई. एखाद दिवशी सायकलसकट आडवा झालो तं पुस्तकाचा लगदा होईन. मंग माह्या मागून येणाऱ्यानं काय वाचाव?" मग तो म्हणाला, "परीक्षेपर्यंत तरी ठेवा म्हणा ना. गावात दुसरीकडं कोठीच नाहीत हे पुस्तकं. नापास झालो तं बाप म्हणते, परत वावरातच ये."

हे सगळं मी समितीला जसंच्या तसं सांगितलं. पुस्तक जपतो म्हणून त्याला शिक्षा, असा तुमचा नियम आहे, असंही सुनावलं. उपयोग शून्य. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून कोपऱ्यात लावले गेले आणि दसऱ्याची सुट्टी संपली की रद्दीवाल्याला बोलवायचं ठरलं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळं कॉलेज पूजा करायचं. विज्ञानाची उपकरणं, खेळाचं सामान, माळ्याची कुदळ, आणि ग्रंथालयातली चार देखणी जाडजूड पुस्तकं. पूजा प्राचार्य स्वतः करायचे. त्यांची श्रद्धा खरी होती, देखावा नव्हता. मांडणी माझ्याकडे असायची. त्या वर्षी देखणी पुस्तकं मी कपाटातून काढलीच नाहीत. सुतळ्या सोडल्या, गठ्ठे झटकले, चौरंग कमी पडले म्हणून जिनिंगमधल्या जुन्या फळ्या मांडल्या, आणि सगळा हिंदी विभाग पूजेला लावला. प्राचार्य आले, बघून खूश झाले. "यंदा लई मोठी सरस्वती मांडली बाई!" म्हणाले. एकेका पुस्तकाला त्यांनी हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली आणि वाकून नमस्कार केला. समितीच्या अध्यक्षांनीही केला. ते काही नीट बघत नव्हते, प्रसादाचे पेढे बघत होते.

सुट्टी संपली. रद्दीवाला हातगाडी घेऊन आला, वरचं पुस्तक उचललं आणि परत ठेवलं.

"ह्यावर तं हळद-कुंकू हाये बाई. पूजेची चीज मी तराजूत नाही टाकत. लोक मले गावात धंदा करू देतीन का?"

"पुसून टाका ते," प्रमुख म्हणाले. रद्दीवाला हलला नाही, शिपाईही हलला नाही.

"तुम्हीच पुसा सर," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेऊन खिशात घातला. "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"हो, मुद्दाम केलं."

पण ते कच्चे नव्हते. त्यांनी लगेच डाव उलटवला. पूजेची पुस्तकं आहेत ना, मग ती कोणी हाताळायची नाहीत. त्यांनी ती जाळीच्या दोन कपाटांत ठासून भरली, कुलूप घातलं आणि किल्ली प्राचार्यांकडे नेऊन दिली. तो मुलगा जाळीतून पुस्तकांची नावं वाचत उभा राहिला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा त्याहून जास्त राग आला.

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. "साहेब, तुमच्या घरी खंडेनवमीला तिफण पुजता ना?"

"पुजतो तं."

"मग पेरणीच्या वेळी तिला कुलूप लावून ठेवता का? की पुजली म्हणून जुंपायची नाही?"

ते शेतकऱ्याच्याच घरचे होते. मग म्हणाले, "बाई, तुम्ही मले पूजेत फसवलं."

"पूजा तुम्ही मनापासून केली साहेब, त्यात फसवणूक कुठली? पुस्तकांना आधी रद्दी म्हणायचं आणि मग वाकून नमस्कार करायचा, ही फसवणूक. ती मी केलेली नाही."

त्यांनी खणातून किल्ली काढली, पण लगेच दिली नाही. "प्रयोगशाळेले जागा लागतेच. ग्रंथालयातली तुमची बसायची खोली द्या. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि वाचनाची अर्धी टेबलंही हलवा. चालते का?"

"चालते," मी म्हटलं. खोली गेली. पुढे कैक वर्षं मी दाराच्या तोंडाशी, धुळीत टेबल मांडून बसले, आणि त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही.

त्या दुपारी मी कपाटं उघडली. मुलाने हवं ते पुस्तक काढलं, भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि वाचायला लागला. तेवढ्यात प्रमुख नवी जागा मोजायला टेप घेऊन आत आले. आमच्याकडे सर दिसले की विद्यार्थ्याने ताडकन उठून उभं राहायचं, अशी रीत होती. मुलाने मान वर केली, त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि पान उलटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्याला उठवणं माझं काम होतं. मी उठवलं नाही.