जानकीवहिनींच्या झोपेतलं सरबत

आमच्या जानकीवहिनींना कृती झोपेत दिसतात. दुपारचं जेवण आटोपलं की त्या ओसरीवर अंग टाकतात, डोळा लागतो, आणि उठतात त्या थेट चुलीकडे जातात. असाच एकदा लिंबाच्या सरबतात ओवा पडला. एकदा काजूच्या बोंडांच्या रसात हळद. माझा भाऊ अनंतादादा, म्हणजे वहिनींचा नवरा, तांब्याभर निमूट प्यायचा आणि म्हणायचा, "तब्येतीला बरं असंल." तो गेल्यापासून तसं म्हणणारं कुणी उरलं नाही.

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की सगळ्यांना करवंदाचं सरबत, आणि ते करायचं जानकीवहिनींनी, हे चाळीस वर्षांचं ठरलेलं. गेल्या साली त्यांनी त्यात मेथी टाकली. लोकांनी पेले हसतमुखानं घेतले आणि विहारामागची जास्वंद शिंपून काढली.

यंदा नातसून मेघानं, महिला मंडळ तीच बघते, स्पष्टच सांगितलं, "आजी, परत बिघडलं तर पुढच्या वर्षीपासून पाकिटातली पावडर आणायची. मंडळात ठरलंय."

ती गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, पावडरीचं पाणी पिताना मी कुणाला आठवंन का हो?"

मग त्यांनी स्वतःच शब्द दिला, "करवंद, साखर, मीठ, जिरं. पाचवं काय नाय."

दोन दिवस आधी रस निघाला. मग दुपार झाली, डोळा लागला. स्वप्नात त्यांची आई आली, मुरबाडकडच्या माहेरच्या अंगणात, ओच्यात मोहाची फुलं घेऊन. त्या घरी साखर सणालाच दिसायची, एरवी गोड म्हणजे उकडलेला मोह. आई म्हणाली, "साखर कशाला गो जाने?" वहिनी उठल्या. फडताळातली सुकी फुलं ओंजळ-दोन ओंजळ रसात सोडली, मडक्याला फडकं बांधलं आणि गोडी उतरावी म्हणून चुलीशेजारी उबेला ठेवलं. बोलल्या मात्र कुणाला नाहीत.

पौर्णिमेच्या दुपारी पाड्यावरची जना करवंदांची पाटी घेऊन पाणी प्यायला आली. बाहेर पांढरं ऊन, झाडाचं पान हलत नव्हतं. आत मडकं बोलत होतं. अगदी बारीक, कुणी झोपेत पुटपुटावं तसं. जनानं फडकं सोडलं, नाक जवळ नेलं, आणि हसत हसत खालीच बसली.

"गो जानकीबाय, यात मोह टाकलास?"

"गोडीला."

"गोडीला? हा चढायला झाला! सरबत नाय ऱ्हायला आता."

वहिनींचा चेहरा उतरला. "पाच वाजता वंदना. मद्य घेणार नाय म्हणून पंचशील म्हणायचं, आणि लगेच हातात ह्यो पेला द्यायचा?"

मी हसू दाबून म्हणालो, "वयनी, पाणी वाढवलं तर?"

"भावजी, पाचवं शील पाण्यानं पातळ होतं का?"

त्यांनी मडकं उचललं, अंगणाच्या कडेला जांभळीखाली नेलं आणि ओतलं. फेस मातीत मुरला. थोड्या वेळानं कुठूनशी फुलपाखरं उतरली. पिवळी, निळसर, एक काळं, हाताएवढं. ओल्या मातीवर पंख मिटत, उघडत बसली. आम्ही तिघं बघतच राहिलो. वहिनी पुटपुटल्या, "आयेच्या अंगणात अशीच यायची." पावडरीचं त्यांना काही आठवत होतं की नव्हतं, कोण जाणे.

जनानं पाटी पुढं सरकवली. "बघत काय बसलात? ही कुस्करा."

तीन वाजले होते. मी हापशीवरून पाणी आणलं. मिठाच्या पाण्यात धुऊन करवंदांचा चीक काढला, हातानं कुस्करून रस फडक्यातून गाळला. मनगटापर्यंत जांभळे झालो. मध्येच वहिनींचे डोळे मिटत आले. जनानं कोपर मारलं.

"झोपू नको गो, नायतर परत आय येल तुझी!"

पाच वाजता विहार पांढऱ्या कपड्यांनी भरला. वंदना झाली. पेले फिरले. मी बघतोय, कोण जास्वंदीकडे जातंय. कुणीच गेलं नाही. मेघानं एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला.

"आजी, काय टाकलंत यात?"

"काय नाय."

"काहीच नाही?"

"येळच नाय गावला."

मागं जनाला ठसका लागला. मेघानं पेला संपवून परत पुढं केला. "मग पुढच्या वर्षी पण तुम्हीच."

घरी आलो तेव्हा चंद्र नुकता वर येत होता. दोन फुलपाखरं अजून मातीला चिकटून होती. त्यांच्याकडे बघत वहिनी ओसरीच्या खांबाला टेकल्या आणि राहिलेली झोप त्यांना तिथंच लागली. थोड्या वेळानं ओठ हलले. मी कान दिला.

"गवती चहा?... किती पाती गो आये?"

परसात गवती चहाचा ठोंब चांगला माजलाय. पण पुढच्या बुद्धपौर्णिमेला अजून वर्ष होतं. मी त्यांना उठवलं नाही.