लोणच्याची बरणी

सकाळचं ऊन लोणच्याच्या बरणीवर आलं होतं आणि मी नुसती बघत उभी होते.

"आता तूच काढत जा गं. तुझा विटाळ संपला," सासूबाई म्हणाल्या.

पाळीत बरणीला शिवायचं नाही, लोणचं नासतं, हा आमच्या घरचा नियम. त्यावरून मी उभा जन्म भांडले. एकदा तर चिडून त्यांच्यादेखत बोट बुडवून चाटलं होतं. आता पाळी गेली आणि तिच्याबरोबर ते चिडणंही गेलं. रडू येत नाही. पहाटे मात्र छातीत उगाच धडधडतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीरातली हार्मोन्स कमी झालीत, त्यात सासऱ्यांच्या आजारपणाचा ताण. मन असं बधिर होतं कधीकधी. तुमचं काही चुकलेलं नाही."

म्हणजे ज्याला मी माझा स्वभाव म्हणत आले, तोही रक्तातल्या कुठल्याशा थेंबांवर चालत होता तर. याचंही नवल वाटलं नाही.

बरणीच्या तोंडाचं फडकं सोडलं, फोड ताटलीत काढली.

"कसं मुरलंय?"

"छान," मी चाखण्याआधीच म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भांड की गं काहीतरी."