खासदारांना उन्हात उभं करायचा बेत

ऐन विशीत माझी अशी समजूत होती की आपण बोलायला उभ्या राहिलो की समोरचा माणूस गारच होतो. या समजुतीला आधार एवढाच, की मी मॅट्रिक होते आणि आमच्या चाळीत दुसरी कोणी बाई मॅट्रिक नव्हती. नळावर भांडण झालं तरी मी ‘वस्तुतः’ म्हणून सुरुवात करायची. माझं वाक्य संपेपर्यंत समोरची घागर भरून घरी गेलेली असायची, आणि मी समजायची की ती निरुत्तर झाली.

चाळ चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, रुळांच्या एका अंगाला. कंपन्या सगळ्या दुसऱ्या अंगाला. मधे रेल्वेचं गेट. लोकल आली की गेट पडायचं, त्याचं कोणाला काही नव्हतं. गाडी गेली की उघडायचंच. खरी पीडा होती ती मालगाडीची. कंपन्यांचा माल घ्यायला ती यायची, डबे जोडायला-सोडायला मागेपुढे करायची आणि मग नेमकी आमच्या गेटावर आडवी पसरायची, जेवण झालेल्या पाहुण्यासारखी. एकदा पसरली की कधी हलेल ते तिच्या ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही. पुढचं गेट इतकं लांब की वळसा घालून जाण्यापेक्षा घरी परत येऊन निजलेलं बरं.

माझ्या भिंतीला भिंत लागून जी शेजारीण राहायची तिला मी अक्का म्हणायची आणि ती मला वहिनी. अक्का पलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, टेंपररी. तिच्या नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलेलं, तो मिळेल ते हमालीचं काम करून दुपारी घरी यायचा. तो आला की पोर त्याच्या मांडीवर ठेवून अक्का दुसऱ्या पाळीला पळायची; पहिली पाळी असली की पोर माझ्याकडे. घर तिच्या पगारावर चाललेलं. आणि त्या उन्हाळ्यात तिच्या कंपनीत परमनंट करायच्या बायका निवडायचं चाललं होतं. सुपरवायझरनं तिला सरळच सांगितलं होतं, आणखी एक लेट मार्क पडला तर तुझं नाव विसरायचं.

म्हणून मालगाडी आडवी असली की अक्का डब्याखालून जायची. पुष्कळ जण जायचे. पण ते पँटीत, आणि अक्का साडीत, काखेत डबा धरून. मी एकदा तिला म्हटलं, अक्का, गाडी हलली म्हणजे? ती म्हणाली, “हलली तर तुमीच सांगा सुपरवायझरला, वस्तुतः ती येत व्हती म्हणून.”

तर अशात बातमी आली की आमचे खासदार पलीकडच्या गावात शाळेच्या नव्या खोल्यांचं उद्घाटन करायला याच गेटावरून जाणार, आणि तेही भर दुपारी, दुसऱ्या पाळीच्या आधी. म्हणजे मालगाडीच्या वेळेला.

बेत काढला आमच्या यांनी. हे कंपनीत लेथवर टर्नर, बोलणं कमी, पण डोक्यात सतत काहीतरी फिरत असायचं. यांनी चाळीतल्या सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, की रुळांवर पूल हवा म्हणून आपण कितीही अर्ज केले तरी साहेबांना जे कळणार नाही ते वैशाखाच्या उन्हात उभं राहिल्यावर घामानं कळेल. तेव्हा त्यांना उभं राहू द्यायचं. कोणी पुढे जायचं नाही, खुर्ची द्यायची नाही, पाणीसुद्धा विचारायचं नाही. चांगले भाजून निघाले की मग चाळीतर्फे एकानं पुढे होऊन गाऱ्हाणं सांगायचं. तो एक म्हणजे अर्थात मी. यांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी नको नको म्हणाले, आणि म्हणता म्हणताच पहिलं वाक्य जुळवायला लागले.

आठ दिवस मी तांदूळ निवडताना तांदळाला भाषण ऐकवत होते. ‘सन्माननीय लोकप्रतिनिधी महोदय, या निर्दय रुळांनी आमचे जीवन दुभंगले आहे.’ इथं थांबायचं आणि क्षितिजाकडे बघायचं असं मी ठरवलं होतं. आमच्या क्षितिजावर कंपनीची पाण्याची टाकी होती, तिच्याकडे बघून घेतलं.

तो दिवस उजाडला. यांनी रजा टाकली. ऊन असं होतं की कावळेसुद्धा सावली सोडेनात. दुपारी मालगाडी वेळेवर आली, गेटावर पसरली. मागोमाग जीप आली आणि थांबली. बेत असा जुळून आला की मला यांचा अभिमान वाटला.

जीपमधून खासदारसाहेब उतरले. मी मनात धरला होता तसा माणूसच तो नव्हे. वयस्कर गृहस्थ, धोतर-सदरा, टोपी काढून डोकं पुसतायत. बरोबर त्यांचा एक माणूस, तो सारखा घड्याळ बघतोय. आमची खोली चाळीतली पहिली, गेटाला लागून. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, दारात मी दिसले, तर त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

आता सांगा. आपल्या दारासमोर वडिलांच्या वयाचा माणूस उन्हात उभा आहे, हात जोडतो आहे, आणि आपण आत थंडगार माठ ठेवून चौकटीला टेकून उभ्या. माझ्या आईनं हे बघितलं असतं तर तिनं मला माहेरी परत बोलावून पुन्हा वळण लावलं असतं. मी तांब्या भरून नेला. यांनी दुरून डोळे वटारले. मी खुणेनंच सांगितलं, नुसतं पाणी.

पण नुसतं पाणी तरी कसं द्यायचं, म्हणून बरोबर गुळाचा खडा नेला. साहेबांनी उभ्यानं पाणी घेतलं. उभ्यानं पाणी पिणारा माणूस बघवत नाही, म्हणून खुर्ची नेली. खुर्ची उन्हात, म्हणून ती लिंबाखाली नेली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या खोलीतल्या काकू कैरीचं पन्हं घेऊन निघालेल्या दिसल्या. बेतानुसार त्यांनी घरातच बसायचं होतं. पण माझ्या दारचं पाणी साहेब प्यायले आणि त्यांच्या दारचं काहीच नाही, हे त्यांना कसं सहन होणार? मग कोणी चिवडा आणला, कोणी कुरडया तळल्या. गेटमननं आपली बाज ओढून साहेबांच्या माणसाला दिली. मी आत जाऊन पोहे भिजवले. मी भिजवले म्हणजे काय, माझे हात भिजवत होते आणि मी मनात भाषण घोकत होते.

बाहेर आले तर बघते, आमचे हे टेबल-फॅन घेऊन लिंबाखाली. वायर पुरेना, तर शेजारच्या खिडकीतून दुसरी जोडून घेतायत. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, अहो, बेत? हे माझ्याकडे न बघता म्हणाले, “फॅनबद्दल काही ठरलं नव्हतं.”

साहेब छान रमले. वहाणा काढून मांडी घातली खुर्चीवरच. कोण कुठल्या गावचं विचारलं, आमच्यातले दोघे त्यांचे सोयरे निघाले. पोह्यांची बशी हातात घेऊन, वर लिंबाकडे बघत ते त्यांच्या माणसाला म्हणाले, “गेट बंद होतं ते बरंच झालं की. नाहीतर ही माणसं भेटली असती का?”

चाळीतल्या पुरुषांनी माना खाली घातल्या. अक्का माझ्या शेजारी उभी होती, कामावर जायच्या तयारीत, पन्ह्याचा तांब्या हातात. तिची ती हसली. ते हसणं मला काही आवडलं नाही.

मग साहेबांनी आपणहूनच विचारलं, की तुमच्या इथं काही अडचण आहे का, असली तर संकोच न करता सांगा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी वेळ आली होती. मी पदर सावरून पुढे झाले, पाण्याच्या टाकीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

“साहेब,” मी म्हणाले, “पोह्यांत मीठ बरोबर आहे ना?”

मला आजही माहीत नाही ते कुठून आलं. भाषण सगळं घशात होतं, ओळीनं उभं होतं. त्याच्या पुढे घुसून हे बाहेर आलं. साहेब गंभीरपणे म्हणाले की मीठ बेताचं आहे, आणि वाट बघत राहिले. मी पुन्हा सुरुवात केली. “सन्माननीय…” म्हणाले आणि पुढे काही आठवेना. निर्दय काहीतरी होतं एवढं आठवत होतं. काय निर्दय होतं ते आठवत नव्हतं.

आणि तेवढ्यात भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचा पहिला भोंगा. तो झाला की दुसरा भोंगा होण्याच्या आत कार्ड पंच करायचं असायचं.

अक्कानं पन्ह्याचा तांब्या साहेबांच्या माणसाच्या हातात दिला. इतक्या सहज, की त्यानं तो घेतलाही. काखेत डबा धरला, पदर खोचला, गेटाच्या आडव्या दांड्याखालून गेली आणि मालगाडीपाशी जाऊन खाली वाकली. साहेब खाता खाता थांबले. ती चाकांमधे शिरली, नुसती पाठ दिसत राहिली, आणि त्याच वेळी पुढे लांब कुठेतरी इंजिनानं शिटी दिली. डब्यांच्या साखळ्यांचा खणखणाट एकाकडून दुसऱ्याकडे असा धावत आमच्याकडे येऊ लागला. आमच्यातलं कोणी ओरडलं नाही. ओरडून उपयोग नसतो. आतल्या माणसाचा पाय अडखळतो.

गाडी हातभर सरकली आणि पुन्हा थांबली. डब्याखालून पलीकडे बघितलं तर दोन पावलं दिसली. चपला झटकत होती. मग ती चालायला लागली, भरभर, कंपनीकडे.

साहेबांच्या हातातला चमचा तसाच होता. “ही रोज अशी जाते?” त्यांनी मला विचारलं.

“रोज नाही,” मी म्हणाले. “पहिली पाळी असली की अंधारात जाते.”

तेव्हा मला भाषणाची काही आठवण नव्हती. नवऱ्याच्या कंपनीचं टाळं, परमनंट करायच्या बायका, सुपरवायझर, लेट मार्क, जे होतं ते मी घरात बोलते तसं सांगितलं. एकही शब्द चांगला वापरला नाही.

साहेब उठले. वहाणा न घालताच तापलेल्या खडीवरून गेटापाशी गेले, दांड्याखालून पलीकडे झाले आणि मालगाडीजवळ खाली बसले. त्यांचा माणूस पन्ह्याचा तांब्या घेऊनच मागे धावला, साहेब धोतर, साहेब धोतर करत. साहेबांनी वाकून डब्याखाली बघितलं, चाकाला हात लावला आणि हात काळा करून परत आले. गेटमन बिचारा हात जोडून पुढे आला. त्याला म्हणाले, तुला कोण काय म्हणतंय, गाडी तू थोडीच उभी केलीस. मग आमच्याकडे वळून बोलले ते मला नीट लक्षात आहे.

“पूल बांधतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुलाला दिल्लीपर्यंत जावं लागतं, आणि तिथून सगळेच पूल परत येत नाहीत. पण ही गाडी नेमकी भोंग्याला इथं का उभी करायची, हे विचारायला मला दिल्लीला जावं लागत नाही.”

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काकूंनी हात धुवायला पाणी आणून दिलं.

पुढे त्यांनी कुठे जाऊन कोणाला काय विचारलं, ते आम्हाला कळलं नाही. पण पाऊसकाळ लागायच्या आत मालगाडीची वेळ बदलली. दुपारी ती पाळी आत गेल्यावर यायला लागली, आणि पहाटे उभी राहिली तरी डबे सोडून, रस्त्यापुरती जागा ठेवून उभी राहायची. पहिले काही दिवस चाळीतले लोक गेटापाशी येऊन उगीच वाकायचे आणि मग आजूबाजूला बघत सरळ व्हायचे. अक्का तर सवयीनं इतकी घाईत निघायची की कंपनीचं फाटकच उघडलेलं नसायचं. तिथं उन्हात बसून राहावं लागतं म्हणून ती येऊन माझ्यावरच चिडायची. पुलाचं म्हणाल तर पुढच्या दोन निवडणुकांत दोन वेगळ्या माणसांनी त्याचं वचन दिलं, तेवढं त्याचं काम झालं.

दिवाळीच्या आधी अक्का परमनंट झाली. संध्याकाळी पेढे घेऊन आली. माझ्या हातावर पेढा ठेवला आणि माझ्या पाटावर बसली. मी तिला म्हणाले, अक्का, झालं की तुमच्या मनासारखं. मग म्हणाली, “वहिनी, उद्या माझ्यासंगं गेटापातुर चला.”

मला वाटलं, पलीकडे देवीच्या देवळात नारळ फोडायचा असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर गेले. गेट सताड उघडं होतं. मालगाडीचा पत्ता नव्हता. अक्का रुळांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, डबा या हातातून त्या हातात घेतला, पदर सोडून पुन्हा नीट घेतला. पहिला भोंगा झाला. गेटमनशी तिनं त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं काढलं. मी सारखी कंपनीकडे बघत होते.

दुसरा भोंगा झाला.

“अक्का, अहो लागला ना लेट मार्क,” मी म्हणाले.

“लागू द्या की,” ती म्हणाली. “आजवरचे गाडीनं दिले, एक तरी माझ्या हातानं घेते.” आणि रुळांवरून हळूहळू, एकेका पावलानं, बाजारात भाजी बघत जावं तशी ती कामावर गेली.