शुक्रवारी पेटी मुकी असते

लीलाधर चर्चमध्ये गेला तो पायपेटीच्या मागे, येशूच्या मागे नाही. पण हे लोधीपुऱ्यातल्या शेजाऱ्यांना समजावणार कोण? एका नाटक कंपनीत तो ऑर्गन वाजवायचा. बोलपट आले, कंपनी बऱ्हाणपुरातच बुडाली आणि तिची ती पायपेटी इथल्या चर्चनं घेतली. फादर आधी नागपूरकडच्या कॅथेड्रलमध्ये होते. तिथल्यासारखी गाणारी मंडळी इथंही उभी करायची त्यांना मोठी हौस. मंडळी जमली, पण पायानं भाता मारत दोन्ही हातांनी पेटी वाजवणार कोण? लीलाधरला बोलावणं आलं. त्या गाण्यांचं लॅटिन त्याला ओ की ठो कळत नसे, सूर मात्र कळत. दर रविवारी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून तो जाई, वहाणा दाराशी काढी आणि वाजवायला बसे. फादरांनी त्याच्या गंधाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही आणि त्यानं त्यांच्या क्रूसाबद्दल.

मग हवा फिरली. प्रांतांची मोडतोड सुरू झाली. बऱ्हाणपूर मराठीत जाणार की हिंदीत राहणार, यावर इतवाऱ्यातल्या पानाच्या दुकानांपुढे रोज हमरीतुमरी. जो तो दुसऱ्याला विचारू लागला, तू कुणाचा? त्यातच मिशनवाले लोकांना बाटवतात अशी ओरड उठली. ज्यांनी वर्षानुवर्षं रस्त्यात उभं राहून लीलाधरची पेटी ऐकली होती, त्यांनाच आता त्याच्या गंधाखाली क्रूस दिसू लागला. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

ही ओरड नेमकी सुलभाच्या लग्नाला आडवी आली. सुलभा म्हणजे लीलाधरची एकुलती एक मुलगी. दोन स्थळं बापाच्या पेटीपायी परत गेली होती. तिसरं रावेरचं, गजाननरावांच्या मुलाचं. मुलगा शिक्षक, सुलभाला मनापासून आवडलेला. हेही मोडलं तर पोर घरात बसेल, असं लीलाधरच्या बायकोनं, गोदाबाईनं, त्याला रडून सांगितलं होतं. मध्यस्थ होता तिचा भाऊ सुकलाल. त्यानं रावेरला परस्पर ठोकून दिलं की दाजींनी पेटी कधीच सोडली.

“पण गजाननराव शुक्रवारी सोता येऊन ऐकीन म्हणतात, दाजी,” तो म्हणाला. “गुड फ्रायडेची छुट्टी हाये ना त्यांना. तुमी फक्त घरी ऱ्हा.”

शुक्रवार म्हटल्यावर लीलाधरला हायसं वाटलं. चर्चची रीतच तशी होती. येशूच्या मरणाच्या शोकात गुरुवारपासून पेटी मुकी. घंटासुद्धा वाजत नाहीत, लाकडी खटखटं फिरवतात. शनिवारी सकाळी ‘ग्लोरिया’ हे आनंदाचं गाणं सुरू झालं की घंटा आणि पेटी एकदम उसळतात. सबंध वर्षात लीलाधर त्या एका घटकेची वाट पाही. म्हणजे शुक्रवारी पाहुण्यांनी खुशाल कान लावावेत! खोटं बोलायला नको, पेटी सोडायला नको. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी सोय झाली.

शुक्रवारी दुपारी तो स्वतःच पाहुण्यांना चर्चवरून घेऊन गेला. आतून नुसते गळे ऐकू येत होते, सुरातून थोडे उतरलेले.

“पेटी नाही वाजत,” गजाननराव म्हणाले.

“नाही वाजत,” लीलाधर म्हणाला. शब्द खरा होता, तरी त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे जातील असा त्याचा अंदाज. पण चहा पिता पिता गजाननराव म्हणाले, “आता आलोच हाये, तर उद्या सकाळी सुपारी फोडूनच जाऊ.”

नाही कसं म्हणणार? लीलाधरनं फादरांना निरोप धाडला, उद्या येता येणार नाही. फादरांनी उलट ‘बरं’ एवढंच कळवलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी ओसरीवर पाट मांडले. सुलभा बापाशेजारी मान खाली घालून बसली. भटजींनी सुपारी हातात घेतली आणि हाकेच्या अंतरावरल्या चर्चच्या घंटा सुटल्या. लीलाधरनं डोळे मिटले. आता पेटीवाचून ओकेबोके गळे ऐकावे लागणार.

पण पेटी वाजली.

हात त्यानं ओळखला. ती शोभा होती, मिशनच्या शाळेतली मास्तरीण. पट्ट्यांवर बोटं ठेवायला तिला लीलाधरनंच शिकवलं होतं. घाबरून ती भाता दुप्पट मारत होती, डावा हात मागे पडत होता. पण वाजवत होती.

“पाहा!” सुकलाल आनंदानं ओरडला. “दाजी इथं, पेटी तिथं! आता अजून काय पुरावा पायजे?”

आपल्यावाचून तिथं अडलं नाही, हे लीलाधरच्या फार जिव्हारी लागलं.

“शुक्रवारी पेटी मुकी असते, ते मले ठाऊक हाये, लीलाधरराव,” गजाननराव शांतपणे म्हणाले. “आमच्याकडंही मिशन हाये. म्हणून तर मुक्काम केला.” मग त्यांनी थोडा वेळ कान दिला आणि सहज विचारलं, “वाजवणारा बरा वाजवतो का हो?”

सगळे लीलाधरकडे पाहू लागले. तिकडे शोभाचा डावा हात पुन्हा चुकला. घासात खडा लागावा तशी ती चूक त्याला लागली.

“मला काय कळतं त्यातलं,” लीलाधर म्हणाला.

गजाननरावांनी समाधानानं मान डोलावली. सुपारी फुटली, गोदाबाई साखर वाटू लागली, जो तो बोलू लागला. त्या गलक्यात सुलभा मान वर न करता, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, “बाबा, शोभाताईले तुमीच तर शिकवलं.”