रंभाबाईनं आधीच पाहिलेला शेवट

"आता मी काय वंगाळ बोलले, तूच सांग. म्हटलं, पपू, तुजा तो लोहार लई गोड बोलतो रे शेवटाला. येवढंच. तं पोरानं फोनच ठेवला."

"मावशी, तू त्याला सांगून टाकलंस? लोहार बोलतो म्हणून?"

"हां. बोलतोच ना तो. रोज चार टाइम बोलतो, माज्या कानांनी ऐकते."

"अगं, तो मुका आहे."

"कोन?"

"लोहार. अख्ख्या मालिकेत मुका. तीनशे भागांत एक शब्द नाही बोलला. तो बोलतो, हाच तर पिक्चर आहे."

रंभाबाई झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. घोडबंदर रोडच्या मॉलमधल्या मल्टिप्लेक्सात, तिसऱ्या मजल्यावर, ऑडी तीनच्या दाराबाहेर हे बोलणं चाललेलं. स्वीडल तिथं तिकिटं तपासायला असते, कोळीवाड्याकडची ख्रिस्ती पोरगी, तोंडानं फटकळ. रंभाबाई सफाईला. दोघींची पाळी एक, म्हणून डबा एक.

रंभाबाई मूळची मुरबाडकडची. लग्न होऊन दिव्याला आली त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण बोलणं गावचंच राहिलं. सुपरवायझरनं एकदा सांगितलं, पब्लिकसमोर जरा नीट बोलत जा. ती म्हणाली, पब्लिक माज्याशी बोलतं कवा? तिथं तो विषय संपला.

नवरा दारूनं नाही, काविळीनं गेला. हे ती स्वतःहून सांगते, कारण लोक दुसरंच धरून चालतात. पोरगा प्रफुल्ल, घरचा पपू, तीन वर्षांपासून ओमानला आहे, बंदरावरच्या वर्कशॉपात. तिकडं सुट्टी शुक्रवारची, म्हणून फोन शुक्रवारचा. जयभीम आई. जयभीम. जेवलीस? जेवले. पाणी येतंय का? एक दिवसाआड. बरं, ठेवू? ठेव. फोन ठेवल्यावर ती त्याच्याकडं थोडा वेळ बघत बसायची. मग भांडी.

सांगण्यासारखं दोघांकडंही काही नव्हतं. वर्कशॉपातलं तिला कळत नाही आणि मॉलमधलं तो विचारत नाही. प्रेमबिम होतंच, नाही असं नाही. पण फोनवर प्रेमाला काहीतरी विषय लागतो.

आणि मग हा सिनेमा आला.

जपानी चित्रांची ती मालिका पपू सातवीपासून बघायचा. आधी शेजारच्याच्या मोबाइलवर, मग स्वतःच्या. तलवारी, डोंगराएवढे कोल्हे, हवेत चालणारी गावं. त्यातल्या लोहाराचं चित्र त्यानं भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेलं. बाकी पोरं तलवारवाल्या नायकाचं लावायची, ह्याला लोहार आवडायचा. रंभाबाईला वाटायचं, असेल कुणी कामकरी माणूस, लावू दे. रोज उठून ती दोन्ही तसबिरी पुसायची.

त्या लोहारावर आता वेगळा सिनेमा निघाला होता. मालिकेत मागं कोपऱ्यात भाता मारणारा, इथं तोच नायक. पहिल्या दिवशी पोरं-पोरी रंगीत केसांचे टोप आणि झगे घालून आली. पुठ्ठ्याचे हातोडे आणले. रंभाबाईनं बाहेरच्या पोस्टरवरचा चेहरा बघितला आणि ओळखला. हा तर आपल्या घरचा.

तिला झालेला आनंद साधा होता. शुक्रवारला विषय मिळाला.

पण सफाईवाल्या बाईला सिनेमा दिसतो तो शेवटचा. खेळ सुटायच्या दहा मिनिटं आधी काळी पिशवी, झाडू आणि पोछा घेऊन दारात उभं राहायचं, नावं सुरू झाली की आत. अकरा वर्षांत तिनं शेकडो शेवट पाहिलेत. लग्नं, मारामाऱ्या, विमानतळ. कुणाचं कशावरून सुरू झालं ते तिला माहीत नाही. ह्या सिनेमाची पोरं तर नावं संपेपर्यंतही उठत नव्हती, मागून अजून एक तुकडा लागतो म्हणून. बारा मिनिटांची सफाई सहा मिनिटांत करावी लागे.

शेवटी बर्फात लोहार भट्टीपुढं उभा राहतो आणि हिंदीत म्हणतो, अब आग बुझने दो. एवढंच. आवाज जाड, घोगरा, तरी गोड. तो बोलला की ऑडीत पोरं हुंदके द्यायची. रंभाबाईला कोडं पडायचं, चार शब्दांत रडण्यासारखं काय आहे? पण आवाज तिला आवडला, म्हणून तिनं पोराला सांगितला.

पपूकडं सिनेमा दोन आठवड्यांनी लागणार होता. तोवर त्यानं मित्रांचे सगळे ग्रुप बंद केलेले, कुणी काही बोलून बसू नये म्हणून. बंदरापासून मस्कतपर्यंत सहा तासांची बस त्यानं आधीच ठरवून ठेवलेली. सगळ्या जगापासून त्यानं तो शेवट सांभाळला, आणि आईचा फोन घेतला.

"दहा वर्षं, आई," एवढंच तो म्हणाला होता.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही. तिनं केला, उचलला नाही. खोलीत ती टीव्ही लावून बसली, आवाज बंद करून, फोनची रिंग ऐकू यावी म्हणून.

"रुसलाय," स्वीडल म्हणाली. "माझा भाऊ ओवेन पण असाच. मॅचचा स्कोर सांगितला म्हणून दोन दिवस बोलला नाही."

"दोन दिस. हितं धा झाले."

"मग पिक्चर बघ तू. पहिल्यापासून. स्टाफचा पास काढून देते. निदान काय बिघडवलंस ते तरी कळेल."

"लई उपकार," रंभाबाई म्हणाली. पण गेली.

मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, साडी नेसून दुपारच्या खेळाला. ऑडीत सगळी मिळून नऊ माणसं. अकरा वर्षांत तिथल्या खुर्चीवर ती पहिल्यांदा बसली. बसल्या बसल्या हात आपोआप खुर्चीच्या फटीत गेला. मक्याचे दाणे निघाले.

सिनेमा सुरू झाला. लोहार लहान होता. गाव जळलं. तेव्हापासून त्यानं तोंड मिटलं. लोक त्याला हाका मारत, तो घण मारी. कोल्हीण त्याच्याशी बोले, तो भाता ओढी. पावणेदोन तास हा माणूस गप्प. रंभाबाईला मध्येच वाटलं, ओरड की रे मेल्या. सुरुवातीला त्यानं एक हातोडा नदीकाठी पुरला, तो कशासाठी ते तिला कळलं नाही. मालिका बघितलेल्यांना कळत असणार.

मग बर्फ आला. भट्टी आली. शेजारच्या रांगेतल्या पोरीनं तोंडावर हात धरला. लोहार बोलला.

रंभाबाईला काहीच झालं नाही. पुढचा शब्द तिला पाठ होता. पोराचं जे गेलं ते नेमकं काय, ते तिला त्या घडीला कळलं, कारण तिचंही तेच गेलं होतं. डोळे कोरडेच राहिले. नावं लागली तशी ती सवयीनं उठली आणि पायाखालचा रिकामा ग्लास उचलून बाहेर आली.

त्यानंतरच्या शुक्रवारी चारच्या सुमाराला ती ऑडी तीनच्या दारात उभी असताना खिशातला फोन थरथरला. पाळीत फोन घ्यायला बंदी. तिनं घेतला.

"जयभीम आई."

"जयभीम. पाह्यलास?"

"काल, रजा टाकून. बरा होता. तो बोलला तेव्हा सगळे रडले. मी बसून होतो."

"मी बी बसून व्हते."

"तू कुठं बसलीस?"

"खुर्चीत. पहिल्यापासून पाह्यला, पास दाखवून. पपू, त्यानं तो हातोडा नदीला का पुरला रे?"

मग पोरगा बोलायला लागला. तो त्याच्या बापाचा हातोडा, आई. एकविसाव्या भागात आहे ते. आधी बघ, कोल्हिणीचं आणि बापाचं वैर... तो बोलत होता, भरभर, सातवीत बोलायचा तसा. अर्धं तिच्या डोक्यावरून चाललं होतं. ती हं हं करत होती. एक मिनिट झालं, तीन झाली. स्वीडल दारातून खुणा करत होती. आत नावं लागली होती, मागून सुपरवायझर येत होता.

"पपू," ती म्हणाली, "मी ठेवते. खेळ सुटला."

"थांब ना, एवढं ऐक..."

"परत सांग. आता ठेवते."

आजवर फोन नेहमी त्यानंच ठेवलेला. तिनं तो बंद करून खिशात टाकला, काळी पिशवी झटकून उघडली आणि वरच्या रांगेपासून सुरुवात केली. कुणीतरी कोला सांडला होता, तीन पायऱ्या खालपर्यंत. पोछा दोनदा पिळावा लागला.