मंगळवार, सकाळी अकरा

रुग्णालयात तिला बावीस वर्षं सगळे मावशी म्हणत. त्या शब्दात बेडपॅन येतं, लादी पुसणं येतं, ऑपरेशनला नेताना रडणाऱ्या माणसाचा हात धरणं येतं. बसायला खुर्ची तेवढी येत नाही. नोकरी करता करता तिने बाहेरून बी.ए. केलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून विद्यापीठात समाजकार्य शिकायला आली. पहिल्याच दिवशी वर्गातल्या मुलामुलींनी, कुणी काही न सांगता, तिला मावशी म्हणायला सुरुवात केली. ती काय करायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. चेहऱ्यावरून कळलं असावं. आपणही तिला मावशीच म्हणू. ती आता त्या शब्दावर चिडत नाही, चिडायला दुसरं पुष्कळ आहे.

घरात सासू आणि लेक. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. सासू दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की सून कॉलेजात जाते आणि मी या वयात कुकर लावते, आणि सांगताना तिला हसू आवरायचं नाही. लेक नोकरीवरून आली की आईचे रिपोर्ट संगणकावर टाइप करून द्यायची. टाइप करता करता तिचे टोमणे चालायचे. आई, हे वाक्य आहे की भांडण, असं ती विचारायची.

दुसऱ्या वर्षी मावशीला फिल्डवर्कसाठी एका बालगृहात पाठवलं. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, दहा ते दोन. तेवढेच तास धरले जायचे, तेवढ्याच तासांवर मॅडमची सही व्हायची. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. हळू बोलायच्या, कधी कुणावर ओरडायच्या नाहीत, डोकं दुखत असेल तर विद्यार्थ्यांना गोळीही द्यायच्या.

बालगृहात मावशीच्या वाट्याला एक फाइल आली. पावणेदहा वर्षांची मुलगी. तिच्या आईला क्षय झाला होता. बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून आईनेच तिला इथे आणून ठेवलं होतं. आई बरी होऊन वर्ष झालं होतं. तिने मुलीला घरी नेण्यासाठी बालकल्याण समितीकडे दोनदा अर्ज केला आणि दोन्ही फेटाळले गेले. या बालगृहात दहा वर्षांपर्यंतचीच मुलं ठेवत. दहा पूर्ण झाली की मुलीला मोठ्या संस्थेत हलवणार, आणि ती संस्था रेल्वेने नऊ तासांवर. तीन महिने उरले होते.

अर्ज का फेटाळले, ते फाइलमध्येच होतं. आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने तीनदा गृहभेट दिली होती. तीन रिपोर्ट, तिन्हींत एकच ओळ, जणू कार्बन लावून काढलेली: पालक घरी नाही, दाराला कुलूप, मुलीबाबत असहकार्याची वृत्ती. तिन्ही भेटी मंगळवारच्या, सकाळी अकराच्या.

मावशीने पान उलटलं. आईच्या अर्जावर, तिच्याच अक्षरात, काम लिहिलेलं होतं: दप्तरांच्या कारखान्यात चेन बसवणे. वेळ आठ ते सहा. सुट्टी रविवार.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वेळा एक शिकलेला मुलगा कुलपासमोर उभा राहिला होता, आणि कुलूप का आहे हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. शेजारी विचारायचीही गरज नव्हती, हातातल्या फाइलचं पान तेवढं उलटायचं होतं. त्याने कुलपाचा स्वभाव लिहिला. आणि ते वाचणाऱ्या समितीतल्या पाच मोठ्या माणसांनी, खुर्चीवर बसून, चहा पिऊन, त्याखाली सही केली.

मावशी रविवारी सकाळी सातला गेली. दार उघडं होतं. एक खोली, पण पुसलेली. मोरीवर फडताळ, फडताळात औषधांच्या रिकाम्या पाकिटांची चळत, डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवलेली. पलंगाशेजारी भिंतीला टेकवून एक घडीची खाट. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. ती कुणासाठी, हे आईने सांगितलं नाही आणि मावशीने विचारलं नाही. आई कमी बोलणारी बाई होती. चेन बसवून बसवून उजव्या अंगठ्याचं नख चपटं झालेलं. तिने एवढंच विचारलं की तुम्ही लोक येता ते नेमकं कधी येता, कारण मला कुणी भेटलंच नाही, फक्त कागद भेटले.

मावशी दोन तास बसली. सगळं बघितलं, सगळं लिहिलं. वर तारीख, वार रविवार, वेळ सकाळी सात. लेकीने ते टाइप केलं आणि या वेळी एकही टोमणा मारला नाही.

मॅडमनी रिपोर्ट वाचला. चांगला आहे म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. मग पेन्सिलने वेळेभोवती गोल काढला. सुट्टीच्या दिवशीची भेट धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. समितीचा कारकून तो कागद आत नेणारच नाही, आणि तुमचे तासही बुडतील. त्यापेक्षा मंगळवार लिहा, अकरा वाजता. बाकी सगळं तसंच ठेवा.

मावशी म्हणाली, मंगळवारी अकराला ती कारखान्यात असते, तेच तर सांगायचंय. ते तीन रिपोर्ट खोटे आहेत.

"ते राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला मुलगी घरी जायला हवीय ना?"

मावशीला हेच झोंबलं. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की त्या मदत करतायत. पंधरा वर्षं याच टेबलापाशी बसून त्यांनी खरं काय आणि चालतं काय यांतला फरक असा गुळगुळीत घासून टाकला होता की हाताला काही लागतच नव्हतं. आपण नियम केले नाहीत, असंही त्या म्हणाल्या. कुणीच केले नव्हते. मावशीला नंतरही असा एक माणूस सापडला नाही, ज्याने ते केले होते.

तिने मंगळवार लिहिला. अकरा लिहिले. दुसऱ्या दिवशी सहीसाठी कागद परत आला, तेव्हा खाली मॅडमनी आणखी एक वाक्य घातलेलं होतं: विद्यार्थिनीच्या समुपदेशनामुळे पालकाच्या वृत्तीत सकारात्मक बदल. म्हणजे आधी आई वाईटच होती, आणि विद्यापीठाने तिला चांगलं केलं. मावशीने त्या वाक्याखालीही सही केली. मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायला अठरा दिवस होते.

मुलगी घरी गेली. समितीला निर्णय करायला सहा मिनिटं लागली. दप्तर उराशी धरून ती फाटकातून बाहेर पडली, आणि आईने तिचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, आई, दुखतंय.

इथे थांबता आलं असतं. सासूचं मत तेच होतं. लेकीचंही.

दीड महिन्याने तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक पिकल्या केसांचे, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे. त्यांना मावशीची फाइल फार आवडली. असहकार्य करणाऱ्या आईला तुम्ही कसं वळवलंत ते सांगा, असं त्यांनी विचारलं. नव्या मुलांना नमुना म्हणून हा रिपोर्ट द्यावा, असं मॅडमकडे बघून म्हणालेही. मॅडम मान हलवत होत्या.

सगळ्यांनी वाचायचा नमुना. मावशीला दिसायला लागलं, पुढच्या वर्षीची तीस मुलं, मंगळवारी अकरा वाजता, तीस कुलपांसमोर.

"मी कुणाला वळवलं नाही," ती म्हणाली. "मी रविवारी सातला गेले. मंगळवारी ती बाई घरी नसतेच. ही वेळ खोटी आहे. खालचं वाक्य त्याहून खोटं आहे, आणि दोन्हींवर सही माझी आहे."

परीक्षकांनी चष्मा नाकावर घेतला. मॅडम हसल्या, आपल्या लेकराने पाहुण्यांसमोर काहीतरी भलतंच बोलावं तशा. मावशी तणावात आहेत, असं त्यांनी सांगून पाहिलं.

समितीचा आदेश झाला होता. तो उकरून काढायची कुणाची इच्छा नव्हती, आणि मुलगी घरी सुखात होती. विद्यापीठाने मावशीला मात्र फिल्डवर्कमध्ये नापास केलं. कारण, खोटी नोंद. हे खरंच होतं. मॅडमनी तिला बोलावून सांगितलं की माफीचं पत्र द्या, मी शब्द टाकते, वर्ष वाचेल. मावशीने विचारलं, त्या तीन रिपोर्टांसाठी कुणी माफीचं पत्र देणार आहे का? मॅडम म्हणाल्या, मावशी, फाटे फोडू नका. पत्र दिलं गेलं नाही.

घरी सासू म्हणाली, एवढं शिकून शेवटी नापासच व्हायचं होतं तर घरी बसून झाली असतीस. पण त्या रात्रीचं जेवण तिनेच वाढलं. लेकीने विचारलं, परीक्षेत गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? मावशी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्यांनी खिडकी लावली. काय ओरडली ते तिला पुढे आठवेना. लेकीला आठवतं. ती सांगत नाही.

जूनमध्ये मावशीने पुन्हा नाव घातलं. तेच बालगृह मागून घेतलं. पहिल्याच दिवशी कार्यालयातलं लोखंडी कपाट उघडायला लावलं, आणि फायलींच्या मधोमध जमिनीवर बसली. दोन दिवस बसून होती. कुलूप, पालक घरी नाही, मंगळवार. कुलूप, घरी नाही, गुरुवार. पुढचं पान उलटायचं आणि कामाची वेळ बघायची. अशा एकोणीस फायली निघाल्या. त्यातल्या चौदा मुलांना कधीच हलवलं होतं, काहींना चार वर्षांपूर्वी.

उरलेल्या पाच फायली तिने मांडीवर घेतल्या आणि पत्ते उतरवायला लागली. बालगृहाचा कारकून म्हणाला, मावशी, रविवारचे तास धरले जाणार नाहीत बरं का.

"धरू नका," ती मान वर न करता म्हणाली. "आणि तो पंखा बंद करा, कागद उडतायत."