राजा, संसद आणि सिडनीतले दोन दिवाळी अंक

सिडनीच्या विमानतळावर माझ्या चकल्या विनातक्रार पास झाल्या. मेतकुटाचा डबा मात्र एका धिप्पाड बाईंनी उघडून हुंगला, त्या सणसणीत शिंकल्या आणि "एन्जॉय, लव्ह" म्हणून त्यांनी तो परत दिला. त्या विजयाच्या तोऱ्यातच मी बाहेर आले.

"मावशी, शनिवारी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं प्रकाशन आहे," माझा भाचा मंदार ट्रॉली ताब्यात घेत म्हणाला. "चीफ गेस्ट तू."

"अरे, शनिवारी तर मी रत्नाच्या मंडळाची पाहुणी आहे. तिनं केव्हाच फोन करून विचारलंय."

मंदारने ट्रॉली जागच्या जागी थांबवली. मागून येणारा एक गोरा गृहस्थ आमच्यावर आदळला, आणि वर सॉरीही तोच म्हणाला.

रत्ना ही साताऱ्याच्या कॉलेजातली माझी विद्यार्थिनी. आता ती ब्लॅकटाउनमध्ये राहते आणि लायब्ररीत नोकरी करते. मंदार आयटीतला, घर जवळच क्वेकर्स हिलमध्ये. दोघांची ओळख मीच करून दिली होती. सणावाराला दोन्ही घरं एकत्र जेवायची. मंडळही एकच होतं, मंदार अध्यक्ष आणि रत्ना दिवाळी अंकाची संपादक. आता मंडळं दोन, अंक दोन आणि बोलणं बंद. गाडीत कारण विचारलं तर मंदार म्हणाला, "पॉलिटिक्स गं. तू नको टेन्शन घेऊस." इंग्लंडचा राजा आणि तिथली संसद यांच्यातली यादवी मी बी.ए.च्या वर्गाला जन्मभर शिकवली. मला म्हणे टेन्शन!

क्वेकर्स हिलमध्ये विटांची बैठी घरं, दाराशी दोन-दोन गाड्या आणि रस्त्यावर जॅकरंडाच्या जांभळ्या फुलांचा सडा. "गावाला हे नाव कसं पडलं रे?" मी विचारलं. "काय माहीत. आम्ही स्टेशन जवळ म्हणून घर घेतलं." क्वेकर हा त्या यादवीच्या धामधुमीत जन्मलेला पंथ. मोठ्यातल्या मोठ्या माणसासमोरही टोपी काढायची नाही, असा त्यांचा बाणा. मला ती माणसं पहिल्यापासून आवडतात.

टोपीचं महत्त्व मला दुसऱ्याच सकाळी पटलं. बागेत फिरत असताना एक काळापांढरा मॅगपाय (आपल्या कावळ्याएवढा पक्षी) मागून आला आणि माझ्या अंबाड्यावर चोच मारून गेला. बाकावरच्या आजीबाई म्हणाल्या, "नो वरीज, त्याची पिल्लं आहेत झाडावर. डोक्यावर आईस्क्रीमचा डबा घालून फिरा." त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर तसा डबा होता, पक्ष्याला फसवायला मागच्या बाजूला दोन डोळे काढलेला. मी घरी येऊन मुकाट्याने डबा शोधला.

दुपारी रत्नाकडे गेले. तिने चहाबरोबर लॅमिंग्टन (चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला केकचा तुकडा) दिला आणि सगळं सांगितलं. गेल्या वर्षीच्या अंकासाठी तिने आपल्या वडिलांवर लेख लिहिला होता. वडील कराडचे, निवृत्त पोस्टमास्तर. तरुणपणी त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि घरातलं लक्ष्मीपूजन थांबवलं. पण एका दिवाळीत छोटी रत्ना आकाशकंदिलासाठी रडून रडून झोपली, आणि उठून पाहते तर परसातल्या पेरूला कंदील लागलेला. तो वडिलांनीच आणला होता.

"हा लेख मंदारने छपाईला जाताना काढून टाकला, मॅडम. मला न विचारता. म्हणे दोन्हीकडचे लोक नाराज होतील. आम्ही कमिटीची मीटिंग मागितली तर यानं कमिटीच बरखास्त केली."

"राजानेही संसदेचं हेच केलं होतं," मी म्हणाले. माझाच भाचा, पण मला त्याचा भयंकर राग आला. एवढा सुंदर लेख! "पण काय गं, तू मंदारच्या बायकोची, नेहाची कविता परत पाठवलीस म्हणे?"

रत्ना कपात बघू लागली. "कमिटीचं ठरलंय. त्या बाजूचं काही छापायचं नाही."

"संसदवाल्यांनीही तेच केलं. राजाचा धाक गेला तशी जो तो पत्रकं छापू लागला, आणि मग यांनी आपलेच तपासनीस नेमले. नाताळसुद्धा बंद केला. लोक दारं लावून पुडिंग खायचे."

"मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"दोघांचे कान धरायच्या."

मंदारने सुट्टी काढून मला कॅनबेराला नेलं. वाटेत गोलबर्नला एक अवाढव्य काँक्रीटचा मेंढा आहे. त्याच्या पायाशी आम्ही मटणाचा पाय (इंग्रजीतला पाय, वरून कवच असलेली मोठी करंजीच म्हणा) खाल्ला. आतला रस्सा माझ्या साडीवर सांडला. कॅनबेराचं संसदभवन टेकडीत खोचून बसवलेलं आहे, छपरावर चक्क हिरवळ. खालचं सभागृह हिरवं, पण इंग्लंडसारखं गडद नाही. निलगिरीच्या पानांचा तो फिकट हिरवा रंग मला फार आवडला.

आमचे गाईड पांढऱ्या मिशांचे एक हसरे आजोबा होते. नव्या संसदेच्या सुरुवातीला राजाचा प्रतिनिधी, म्हणजे गव्हर्नर-जनरल, वरच्या सभागृहात येतो, असं त्यांनी सांगितलं. खालच्या सभागृहात त्याला पाऊल टाकता येत नाही. खासदारांना बोलवायला तो काळी काठी घेतलेला अधिकारी धाडतो. तो दारापाशी आला की दार लावून घेतात, त्याला ते ठोठावावं लागतं. का, तर पूर्वी इंग्लंडचा एक राजा सैनिक घेऊन खासदारांना पकडायला सभागृहात घुसला होता. त्याची आठवण इतक्या दूरच्या देशातही अजून धरून ठेवली आहे.

"आणि आतल्यांनी दार उघडलंच नाही तर?" मी विचारलं.

"मग थांबायचं," आजोबा म्हणाले.

परतताना मंदार म्हणाला, "मावशी, त्या राजाचं पुढे काय झालं?"

"डोकं उडवलं."

"म्हणजे संसद जिंकली?"

"जिंकली आणि चढेल झाली. नाटकं बंद केली, आणि आपल्यातल्याच एकाला राजाच्या वरताण करून बसवलं. लोक विटले. शेवटी राजाच्या मुलाला परत बोलावलं. मग हळूहळू ठरत गेलं, की राजा असला तरी त्याने विचारून वागायचं. एवढं रक्त सांडलं रे, एका विचारण्यापायी."

"मला फक्त कुणी हर्ट व्हायला नको होतं."

"झाली ना एक."

दुसऱ्या संध्याकाळी तो आपणहून ब्लॅकटाउनला निघाला. मीही गाडीत बसून बरोबर गेले. रत्नाच्या दारात उभ्याउभ्याच तो म्हणाला, "रत्ना, चुकलं माझं. तुला न विचारता लेख काढला. आता विचारतो, शनिवारी आमच्या स्टेजवर मी तो वाचू का?"

मला भरून आलं. आता दोघं हसणार, चहा होणार, समेट माझ्या नावावर जमा होणार.

"नाही," रत्ना म्हणाली. "तो आता आमच्या अंकात आहे आणि मीच वाचणार. ऐकायचा तर ये. खुर्च्या भरपूर आहेत."

मंदारचे कान लाल झाले. मी तोंड उघडलं, पण त्याने माझा दंड धरला. "ओके," तो म्हणाला. "नेहाच्या कवितेचं बघशील?"

"कमिटीला विचारते."

मंदारने आपल्या कमिटीला विचारून प्रकाशन रविवारवर ढकललं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला चिक्कार बोलणी बसली. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये तो आणि नेहा शेवटच्या रांगेत बसले होते. लेख वाचताना कंदिलाचा प्रसंग आला तेव्हा रत्नाचा आवाज कापला. मंदारने चष्मा काढून पुसला, तेव्हा रत्नाची मुलगी मोठ्याने म्हणाली, "मम, यू मेड अंकल क्राय!" हॉल हसला, रत्नाही हसली. निघताना तिने मंदारच्या हातात बटाटेवड्यांची प्लेट ठेवली. नेहाची कविता पुढच्या अंकात येणार आहे. मंडळं मात्र दोनच राहिली, आणि मला ते ठीक वाटलं. दोन अंक निघाले तर लिहिणाऱ्यांना दोन दारं असतात.

भारतात परतल्यावर रत्नाचा अंक घेऊन मी मोठ्या रुबाबात कराडला गेले. पोस्टमास्तरसाहेबांना सगळी हकीकत रंगवून सांगितली. अध्यक्ष कसा दारात आला, त्याने कसं विचारलं आणि तुमच्या लेकीने त्याला कसं बाणेदारपणे नाही म्हटलं. त्यांनी लेख संथपणे वाचला, अंक मिटून मांडीवर ठेवला आणि परसातल्या पेरूकडे पाहिलं.

"लिहिलंय झकास," ते म्हणाले. "पण प्राध्यापकबाई, तो कंदील मी आणला हे आमच्या आळीत आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं, पोरीच्या मामानं आणला. मीही वाटू दिलं. हे छापताना मला विचारलं कुणी?"

राजा पाठ, संसद पाठ, आणि हे मलाही सुचलं नव्हतं. तिच्या लेखासाठी आम्ही एवढी लढाई केली, आणि लेख ज्यांच्यावर होता ते इथे कराडात बसलेले.

"नाही विचारलं," मी म्हणाले.

"मग लावा तिला फोन," ते म्हणाले. "आता विचारू दे."